आधी गाड्या मोजा, मग धूर

एस.टी.च्या कार्यशाळेत मी चौतीस वर्षे काढली. त्या नोकरीने मला दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे नखांच्या कडांत कायमचा बसलेला काळा रंग आणि दुसरी म्हणजे इंजिनाचा आवाज ओळखणारा कान. आगाराच्या फाटकातून गाडी आत वळत असतानाच नॉझल खराब आहे की टॅपेट वाजताहेत, हे मी पाठमोरा उभा राहून सांगत असे. सहकारी थट्टा करत, पण पैज लावायला कुणी पुढे येत नसे.

हे सांगायचे कारण असे की २०२५ च्या मे महिन्यात याच कानाने मला दगा दिला. लेक-जावयाकडे अमेरिकेला गेलो होतो. त्यांनी सुटी काढून आम्हा दोघांना युटा राज्यातील झायन राष्ट्रीय उद्यान दाखवायला नेले. तिथल्या बसथांब्यावर आम्ही उभे होतो. मी तोंड वर करून तांबड्या कड्यांकडे पाहत होतो आणि माझ्या पाठीशी एक भलीमोठी बस येऊन उभी राहिली. मला पत्ताच नाही! दार उघडल्याचा ‘फुस्स’ आवाज झाला तेव्हा मी दचकून मागे वळलो. आत बसल्यावर सौ.ने हळूच विचारले, “अहो, ही बंद पडलेली तर नाही ना?” तिने असे विचारेपर्यंत बस चालू लागलीसुद्धा होती.

बस पूर्णपणे विजेवर चालणारी होती. डिझेलच्या वासात उभी हयात गेलेल्या माणसाने अशा बसमध्ये बसल्यावर जे करावे तेच मी केले. दरी पाहायची सोडून बसच पाहत राहिलो. पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आणि पुढे परत येऊन वाचन केल्यावर जे कळले ते निराळेच होते. झायनची खरी करामत विजेच्या बसमध्ये नाही. ती त्याआधी चोवीस वर्षे झाली होती.

दहा किलोमीटरचा रस्ता

झायन म्हणजे आपल्या सांधण दरीचे अवाढव्य भावंड समजा. व्हर्जिन नावाच्या, एरवी अगदी गरीब दिसणाऱ्या नदीने तांबड्या वालुकाश्मात ही घळ कोरली आहे. दोन्ही बाजूंचे कडे काही ठिकाणी सहाशे मीटरपर्यंत उंच आहेत. १९०९ साली या जागेला संरक्षण मिळाले आणि १९१९ साली ती राष्ट्रीय उद्यान झाली. दरीत जाणारा रस्ता एकच, जेमतेम दहा किलोमीटरचा, आणि पुढे तो संपतो. गेलेल्या वाटेनेच परत यायचे.

अशा रस्त्यावर १९९० च्या दशकात उन्हाळ्याच्या दिवशी हजारो मोटारी शिरत आणि उभ्या करायला जागा मात्र शेकड्यांत मोजण्याइतक्या. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या बसस्थानकात ज्याने गाडी वळवली आहे त्याला पुढचे सांगायला नको. लोक रस्त्याकडेच्या गवतावर, झुडपांवर गाड्या चढवत. सकाळी आलेला माणूस तासन्‌तास जागा शोधत फिरे आणि कडे पाहण्याऐवजी समोरच्या गाडीचा मागचा दिवा पाहून परत जाई. धूर दरीत कोंडे. जिथे वाऱ्याचा आणि पाण्याचा आवाज ऐकायचा तिथे भोंगे ऐकू येत.

यावर उद्यानाने २००० सालच्या मे महिन्यात एक उपाय केला, आणि तो आपल्यासारख्या एस.टी.वाल्यांना फार आवडावा असा आहे. त्यांनी बस सुरू केली. बस धावत असतील त्या दिवसांत खाजगी मोटारींना दरीत मज्जाव. दरीतल्या मुक्कामगृहात ज्याची खोली ठरली असेल तोच काय तो अपवाद. बाकी साऱ्यांनी, मग तो लक्षाधीश असो की विद्यार्थी, गाडी बाहेर लावायची आणि बसने जायचे. बसला वेगळे तिकीट नाही. काही मिनिटांच्या अंतराने गाडी येते, दरीतल्या ठरलेल्या थांब्यांवर थांबते. कुठेही उतरा, भटका, पुन्हा चढा. एक फेरा दरीत आणि दुसरा शेजारच्या स्प्रिंगडेल गावातून. गावातल्या हॉटेलांच्या आणि दुकानांच्या पुढ्यातच थांबे ठेवल्यामुळे गावाचा धंदा बुडाला नाही. अमेरिकी माणसाला आपल्या मोटारीतून खाली उतरवणे म्हणजे मराठी माणसाला जेवणाच्या पाटावरून उठवण्यासारखे, पण ते तिथे घडले.

या पहिल्या बस प्रोपेनवर चालत. प्रोपेन म्हणजे आपल्या ओळखीचीच वस्तू. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. डिझेलसारखी काजळी त्यातून निघत नाही आणि इंजिनाची धडधडही कमी असते. त्याच गाड्यांनी दोन दशकांहून अधिक काळ दरीची वाहतूक केली. मग २०२३ मध्ये विजेच्या बस येऊ लागल्या आणि २०२४ मध्ये संपूर्ण ताफा बदलला. तीस बस आणि सत्तावीस चार्जिंग केंद्रे. त्यासाठी तिथल्या केंद्रीय परिवहन खात्याकडून सुमारे ३ कोटी ३० लाख डॉलर्सचे अनुदान मिळाले होते. आपली सगळी बससेवा विजेवर चालवणारे झायन हे अमेरिकेतील पहिले राष्ट्रीय उद्यान ठरले.

मेकॅनिकच्या नजरेने पाहिले तर विजेच्या बसला इतकी सोयीची जागा शोधून सापडायची नाही. मार्ग लहान आणि ठरलेला. वेग कमी. दर थोड्या अंतराने थांबा. डिझेल इंजिनाला नेमके हेच मानवत नाही. थांबताना ब्रेकच्या उष्णतेत शक्ती वाया, निघताना काळा धूर. विजेच्या गाडीत वेग कमी केला की मोटारच जनित्र बनते आणि शक्ती परत बॅटरीत जाते. डिझेलच्या शक्तीपैकी सुमारे तिसरा हिस्सा, फार तर चाळीस टक्के, चाकांपर्यंत पोहोचवता आला तरी आम्ही कार्यशाळेत पेढे वाटले असते. विजेची मोटार मात्र दिलेल्या विजेतील बहुतेक कामाला लावते. रात्री उद्यान झोपले की गाड्याही झोपतात आणि चार्ज होतात.

पण क्रम लक्षात घ्या. आधी मोटारींची संख्या कमी झाली, इंधन नंतर बदलले. हे उलटे केले असते, म्हणजे त्या हजारो मोटारींना विजेवर चालणाऱ्या हजारो मोटारी असे रूप दिले असते, तर धूर गेला असता, पण दरी तशीच तुंबून राहिली असती.

अस्वल आणि तळणाचा वास

मोटार आणि राष्ट्रीय उद्यान यांचे हे भांडण जुने आहे. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी उद्यानात पहिली मोटार शिरली १९०० साली, आणि ती होती वाफेवर चालणारी. पुढे १९०७ मध्ये तिथे मोटारींना बंदी झाली, १९१३ मध्ये ती उठली. मधल्या काळात, १९१२ साली, जेम्स ब्राइस या ब्रिटिश राजदूताने अमेरिकेला बजावले होते की, या दरीत मोटार येऊ देणे म्हणजे नंदनवनात सर्पाला बिऱ्हाड थाटू देण्यासारखे आहे. कुणी ऐकले नाही. ऐकले असते तर सामान्य माणसाला ती दरी दिसलीही नसती, हेही खरे. मोटारीने उद्याने लोकांच्या आवाक्यात आणली आणि मग लोकांच्या मोटारींनीच ती भरून टाकली.

ज्यांना वेळीच शहाणपण सुचले त्यांत अलास्कामधले आज डेनाली म्हणून ओळखले जाणारे उद्यान येते. नवा महामार्ग जवळून गेल्यावर गर्दी लोटणार, हे ओळखून त्यांनी १९७२ सालीच ठरवले की, दीडशे किलोमीटरच्या आसपास लांबीच्या अंतर्गत रस्त्यापैकी पहिल्या चोवीसेक किलोमीटरपुढे उन्हाळ्यात खाजगी मोटार नको, बसने जा. अटलांटिकच्या किनाऱ्यावरच्या अकेडिया उद्यानातही १९९९ पासून प्रोपेनवरच्या फुकट बस सुरू झाल्या.

यलोस्टोनची गोष्ट तर नातवंडांना सांगावी अशी आहे. १९९५ साली तिथे एक पिकअप गाडी वनस्पती तेलापासून केलेल्या डिझेलवर चालवायचे ठरले. तेल मोहरीच्या जातकुळीतल्या बियांचे. प्रयोग चांगला होता, पण एक शंका निघाली. अशा गाडीच्या धुराला तळणाचा वास येतो. यलोस्टोनमध्ये ग्रिझली अस्वले आहेत आणि अस्वलाचे नाक म्हणजे काय सांगावे! गाडी दिसली की बटाटेवडे आले, असे त्यांनी समजावे काय? म्हणून वॉशिंग्टन राज्यातल्या विद्यापीठात पाळलेल्या अस्वलांना त्या धुराचा वास देऊन पाहिला. अस्वलांनी त्यात काही विशेष रस दाखवला नाही आणि गाडी चालू लागली. हसू येते खरे, पण मला त्यातली वृत्ती आवडली. आपल्या यंत्राबद्दल रानातल्या मूळ रहिवाशाचे मत आधी विचारले गेले.

त्याच यलोस्टोनमध्ये हिवाळ्यात बर्फावर पळणाऱ्या स्नोमोबाइल गाड्यांचा उच्छाद झाला होता. त्यांना टू-स्ट्रोक इंजिन होते. आपल्या जुन्या स्कूटर आणि रिक्षा आठवा, तोच निळसर धूर आणि तोच फटफटाट. १९९० च्या दशकात गर्दीच्या दिवशी अशा हजाराहून अधिक गाड्या शिरत आणि फाटकावरच्या कर्मचाऱ्यांना तोंडाला मुखवटा बांधून काम करावे लागे. बंदी घालावी की चालू ठेवावे, यावर वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी २०१३ मध्ये नियम ठरले. त्यात गाडी कमी धुराची आणि कमी आवाजाची हवी, ही एक अट होती आणि दिवसाला किती गट आत सोडायचे, ही दुसरी. एकट्या इंधनावर किंवा एकट्या आकड्यावर त्यांनी विसंबून ठेवले नाही.

स्वच्छ गाडीचे सगळेच स्वच्छ नसते

हे सगळे वाचून अमेरिकेची आरती ओवाळावी, असे मला म्हणायचे नाही. आम्ही झायनला गेलो ते जावयाच्या पेट्रोलच्या गाडीतून. जवळचे मोठे विमानतळ लास वेगासला, सुमारे २६० किलोमीटरवर. म्हणजे पाचशेहून अधिक किलोमीटर धूर सोडायचा आणि शेवटचे दहा किलोमीटर पुण्य करायचे! शिवाय युटा राज्यात तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजूनही मोठा आहे. धूर दरीतून गेला, पण त्यातला काही कुठल्या तरी चिमणीवर जाऊन बसला.

आणि बसने मोटारींची गर्दी हटवली, माणसांची नाही. २०२३ मध्ये झायनला ४६ लाखांच्या आसपास भेटी नोंदल्या गेल्या. आम्हीही थांब्यावर रांगेत उभे राहिलो. एंजल्स लँडिंग नावाच्या अवघड सुळक्यावर जायला तर एप्रिल २०२२ पासून आधी परवाना काढावा लागतो, कारण साखळी धरून चढायच्या वाटेवर माणसांची कोंडी होऊ लागली होती. गाडी कितीही स्वच्छ असो, आकड्याचा प्रश्न कुठे ना कुठे परत येतोच.

आपले ताडोबा

परत आल्यावर हे सगळे मित्रमंडळींत सांगत होतो. एकजण म्हणाला, “मग सोपे आहे. ताडोबाच्या जिप्सी विजेवर करा, झाले काम!” मी गप्प बसलो, कारण मला माझी ताडोबाची सफारी आठवली.

१९५५ साली स्थापन झालेले ताडोबा हे महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. पहाटे आमची जिप्सी फाटकातून आत गेली. थोड्या वेळाने मार्गदर्शक पोराने हात वर केला आणि चालकाला म्हणाला, “बंद कर.” इंजिन थांबले. त्या शांततेत लांबून चितळाचा कॉल आला, मग वानराचा खोकल्यासारखा आवाज. पोराच्या डोळ्यांत चमक आली. जंगलात वाघ आधी कानाला दिसतो आणि मग डोळ्याला, हे मला त्या क्षणी कळले. पण दोन मिनिटांत तोच माग काढत मागून दुसरी जिप्सी आली, मग तिसरी, मग आणखी. प्रत्येक चालक स्टार्टर मारतो, मागे घेतो, पुढे घेतो, जागा मिळवतो. वाघीण रस्त्यावर आली तेव्हा तिला ओलांडायला वाट शोधावी लागली.

इंजिन विजेचे असते तर त्या पहाटे काय बदलले असते? चितळाचा कॉल आम्हाला अधिक नीट ऐकू आला असता. धूर नसता. हे काही थोडे नाही. पण वाघिणीची वाट तशीच अडली असती, उलट तिला गाडी आलेली उशिरा कळली असती. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एफ-२ या वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवले. चित्रफीत घरोघरी पोहोचली, चालक आणि मार्गदर्शकांवर कारवाई झाली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांच्या टाकीत काय होते, हा तिथे प्रश्नच नव्हता.

विजेबद्दल बोलायचे तर ताडोबाच्या शेजारीच चंद्रपूरचे २,९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे. कोळशावर चालते, आणि त्या जिल्ह्यातल्या कोळशाच्या खाणी वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटांना भिडलेल्या आहेत. म्हणजे जिप्सीचा प्लग भिंतीत घातला तरी त्याचे दुसरे टोक पुन्हा वाघाच्याच घरात निघते. तेव्हा वीज घ्यायची तर फाटकाजवळच्या छपरांवर सूर्याची घ्यावी. सकाळच्या आणि दुपारच्या फेरीमध्ये गाड्या उन्हाच्या वेळी रिकाम्या उभ्याच असतात, आणि विदर्भात आणखी काही कमी असेल, ऊन नाही.

आणि एक गोष्ट शहरातल्या लेखांत सहसा येत नाही. ती जिप्सी कुणाची असते? बहुतेक वेळा जंगलाकाठच्या गावातल्या तरुणाची, कर्ज काढून घेतलेली. मारुतीने जिप्सीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबवले, त्यामुळे आहे ती गाडी ठोकठाक करून चालवायची. सुटे भाग शोधण्याची ती तगमग मला कळते, माझे आयुष्य त्यात गेले आहे. या पोराला उद्या, ‘जिप्सी काढ, विजेची घे’ म्हटले तर पैसे कुणी द्यायचे? ‘गाड्या कमी करा’ म्हटले तर कुणाचे घर आधी बसायचे?

याचे उत्तर शोधायला माथेरानकडे पाहावे. तिथे मोटारीला बंदी आहे, त्यामुळे हवा स्वच्छ, पण त्या स्वच्छतेचे ओझे हातरिक्षा ओढणाऱ्या माणसाच्या खांद्यावर. डिसेंबर २०२२ मध्ये सात ई-रिक्षा प्रयोगासाठी आल्या. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, माणसाने माणसाला ओढण्याची ही पद्धत सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करावी, असे सांगितले. ई-रिक्षा मिळाव्यात त्या हात रिक्षा ओढणाऱ्यांनाच, गुजरातेत केवडियाला जशा भाड्याने चालवायला दिल्या आहेत त्या धर्तीवर, असाही मार्ग सुचवला. गाडी बदलताना तिच्यावर पोट असलेला माणूस बदलू नये, हे सूत्र ताडोबालाही लागू पडते.

माझ्या मेकॅनिक डोक्यात एक साधे गणित येते. सहाजणांच्या तीन जिप्सींऐवजी वीसेक माणसांची एक उघडी गाडी. राजस्थानात रणथंबोरला वीस आसनांचे कँटर पूर्वीपासून चालतात. तिथेही गर्दी होतेच, कारण गाडी मोठी केली तरी गाड्यांचा आकडा आवळला नाही, तर फरक पडत नाही. पण आकडा आधी ठरवला, मोठी गाडी विजेची घेतली आणि तिची मालकी आजच्या जिप्सीवाल्यांच्या सहकारी संस्थेकडे दिली, तर तिघांपैकी कुणाचेच पोट मारावे लागणार नाही. सफारीचा मार्ग ठरलेला, वेग कमी, दुपारी आणि रात्री विश्रांती. झायनच्या बसला जे जमले ते इथे न जमण्यासारखे यंत्रात तरी काही नाही. अडचण आहे ती आपल्याच हौसेची. प्रत्येकाला आपली वेगळी गाडी हवी, आणि पैसे दिलेत म्हणून वाघ समोरच हवा.

एस.टी.ची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, त्याच मार्गावर एस.टी.ची विजेवरची ‘शिवाई’ धावली. त्या दिवशी मी मुद्दाम बातम्या लावून बसलो होतो. माझ्या कसबाचा कान आता मोडीत निघणार, असे थोडे वाईटही वाटले होते.

झायनच्या शेवटच्या थांब्यावर ते वाईट वाटणे गेले. बस थांबली, दार उघडले, पण लोक उतरण्याआधीच आतल्या आत व्हर्जिन नदीचे पाणी ऐकू आले. नात खिडकीशी होती. म्हणाली, “आजोबा, नदी बोलतेय.” चौतीस वर्षे मी इंजिने ऐकली. इंजिनाखाली दबलेले बाकीचे काय काय मी ऐकलेच नाही, याचा हिशेब मात्र कुठल्या नोंदवहीत नाही. पुढच्या हिवाळ्यात नात इकडे येणार आहे. तिला ताडोबा दाखवायचे आहे. तिथे वाघ दिसला नाही तरी चालेल. चितळाचा कॉल तेवढा, मागे सहा गाड्या उभ्या नसताना, तिला ऐकू यावा.